नोंदणी न केलेला पूरक करार

मी, पुतळा वामन भोपी, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार करावे गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. मी तेहतीस वर्षे बेलापूरच्या नोंदणी कार्यालयासमोर टेबल टाकून दस्तलेखनाचे काम केले. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, बिल्डरांचे विकसन करारनामे आणि लोकांची मृत्युपत्रे मी टाइप केली आहेत. त्यामुळे कोणते वाक्य कुठे यावे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारी भ्रमात होती.

"कोणाच्याही दडपणाखाली नाही" हे वाक्य मी इतरांसाठी शेकडो वेळा टाइप केले. स्वतःसाठी ते जसेच्या तसे लिहिता येत नाही. माणसाचे दडपण माझ्यावर नाही. पण खाली लिहिलेली एक गोष्ट माझ्या उरावर आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला समजणार नाही. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती. दोन्हींत मी माझ्या भावाला काहीच ठेवले नव्हते.

१. माझी माणसे. वडील वामन आणि आई बाळाबाई, दोघेही हयात नाहीत. धाकटा भाऊ कुंदन, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याची बायको सुचिता. त्यांची एकुलती मुलगी भाविका, शिक्षण एल.एल.बी., वकिली करते. मला यांच्याशिवाय कोणी नाही. आणि खरे लिहायचे तर, यांचा केला तेवढा हेवा मी दुसऱ्या कोणाचा केला नाही.

२. भूखंडाबद्दल. आमची शेती शहर वसवायला गेली. तिच्या बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत देण्याच्या योजनेत, भूखंड मिळायचा होता. त्यासाठीचे अर्ज, स्मरणपत्रे, वारसांचे दाखले, सगळे अकरा वर्षे मी लिहिले. वडील बाहेर सांगत, "आमच्या कुंदनचा नशीब मोठा हाय." अर्ज कोण लिहिते, हे त्यांनी कोणाला सांगितल्याचे मी ऐकले नाही. मला कायदा शिकायचा होता. अकरावीनंतर मला टायपिंगला घातले आणि कुंदनला तीनदा बारावीला बसवले.

वडील गेल्यावर भूखंडात आई आणि कुंदनबरोबर माझाही हक्क होता. आई म्हणाली, "तुला लग्न नाय, पोर नाय, तू काय करशील त्या जागेचा?" गावातले घर माझ्या नावावर राहील आणि भूखंड कुंदनचा, असे ठरले. माझे हक्कसोडपत्र मीच टाइप केले. "राजीखुशीने" हा शब्दही मीच टाकला, नमुन्यात तो होता. सह्या झाल्यावर कुंदन साक्षीदारांना घेऊन जेवायला गेला. माझ्या टेबलासमोर गिऱ्हाईक होते, म्हणून मला विचारले नाही, असे तो नंतर म्हणाला. गिऱ्हाईक नव्हते.

३. आईच्या सोन्याच्या पाटल्या सुचिताकडे आहेत. त्या आईने तिला हाताने दिल्या, माझा त्यावर हक्क नाही आणि मी तो सांगत नाही. फक्त नोंद करून ठेवते, की त्या मला हव्या होत्या.

सुचिता या घरात आली तेव्हापासून दारात आलेला माणूस आधी तिला हाक मारतो. तिचे हसणे मोठे आहे, हाताला चव आहे, आणि कोणाच्या घरी काय दुखते ते तिला ठाऊक असते. आईच्या शेवटच्या सहा महिन्यांत आईचे सगळे मी केले. सुचिताची मुलगी लहान होती. शेवटच्या दिवशी दुपारी आई माझ्या हातून दोन चमचे पाणी प्यायली आणि म्हणाली, "सुचिता, पुरे." मी पुतळा आहे, हे मी तिला सांगितले नाही. पण ती हाक मी विसरले नाही, आणि त्या हाकेचा राग जिच्यावर काढायला नको होता तिच्यावर काढला.

४. विकसन करारनाम्याबद्दल. हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने कंटाळा करू नये.

सन २०१४ मध्ये हरेश नावाच्या बिल्डरने कुंदनच्या भूखंडावर सात मजली इमारत बांधायचे ठरवले. चार सदनिका कुंदनला, बाकीच्या बिल्डरने विकायच्या. करारनाम्याचा मसुदा बिल्डरच्या वकिलाचा होता. कुंदन तो घेऊन माझ्या टेबलावर आला आणि म्हणाला, "ताय, तू वाच. आपल्याला काय कलतंय त्यातला? तू हो बोललीस का मी सही करतो."

मी दोन दिवस वाचला. बाकीचा मसुदा नेहमीसारखा होता, पण दोन कलमे वाईट होती. कलम चौदा असे होते, की कुंदनने बिल्डरला रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र द्यावे. काम मध्येच थांबले तर काय, यावर एक ओळही नव्हती. म्हणजे बिल्डर अर्धी इमारत टाकून गेला तरी जमिनीवर अधिकार त्याचाच, आणि कुंदनला दुसरा बिल्डर आणता येणार नाही. कलम एकवीस असे, की सदनिका घेणाऱ्यांनी दावा केला तर जमीनमालकही जबाबदार, आणि बिल्डरला तोशीस लागली तर ती जमीनमालकाने भरून द्यावी. उलट बाजूने बिल्डरवर काहीच बंधन नव्हते. असे करार मी शेकड्याने टाइप केले होते. सही करणारा पहिल्या पानावर आपले नाव बरोबर आहे का ते बघतो आणि शेवटच्या पानावर अंगठा कुठे ते विचारतो. इमारत उभी राहील असे धरूनच सगळे सही करतात. करार खरे तर ती उभी राहिली नाही तर काय, यासाठी असतो.

तोवर मी चोख वागले. मी वाचत होते त्या दोन दिवसांतच हरेशने तारखेची घाई करून करारनाम्यावर कुंदनच्या सह्या घेतल्या होत्या, म्हणून मी चार पानी पूरक करार केला. काम सलग सहा महिने बंद राहिले तर कुलमुखत्यारपत्र आपोआप संपेल आणि जमिनीचा ताबा कुंदनकडे येईल, हे एक. सदनिकाधारकांचे दावे बिल्डरने एकट्याने निस्तरावेत, हे दुसरे. हरेश माझ्या टेबलापाशी उभ्याउभ्या वाचून हसला.

"ताई, तुम्ही लय डेंजर. माझ्या वकिलाला तुमच्याकडे शिकायला पाठवतो. द्या, करतो सही. पण भूमिपूजनाची तारीख हलवायची नाय."

त्याने चारही पानांवर सही केली, कुंदननेही केली. शेजारच्या टेबलावरचे हौसेराव शेडगे साक्षीदार झाले. मुद्रांक लावून नोंदणी करायचे काम माझ्याकडे राहिले. कुंदनने झेरॉक्ससुद्धा घेतली नाही. "ताय कडं हाय म्हंजे बँकेत हाय," असे तो हौसेरावांना म्हणाला. त्या वाक्याने मला जितके सुख झाले तितके त्यापूर्वी कधी झाले नव्हते.

चारच दिवसांनी भूमिपूजन झाले. मांडव, स्पीकर, दोनशे माणसे. पूजेला कुंदन आणि सुचिता जोडीने बसले, ते बरोबरच होते. मी तिसऱ्या रांगेत होते. मग हरेशच्या माणसाने माइकवर नावे घेतली. कुंदनला शाल, सुचिताला साडी. आर्किटेक्टला शाल, मोजणीवाल्याला शाल. जेसीबी चालवणाऱ्यालाही नारळ दिला, त्याने तो हसून कपाळाला लावला. इमारतीचे नाव "बाळाबाई हाइट्स" असे जाहीर झाले, तेव्हा टाळ्या पडल्या. मी खुर्चीच्या टोकाला सरकून बसले होते, पदर नीट केला होता. नाव आले नाही. माइक बंद झाला. सुचिता लगबगीने माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तेवढी प्रसादाची पातेली आत ठेवाल का? कुत्री फिरतायत."

मी पातेली आत ठेवली. घरी येऊन तो पूरक करार पिशवीतून काढला, लोखंडी पेटीत तळाशी ठेवला आणि पेटीला कुलूप लावले.

दस्ताची नोंदणी सही झाल्यापासून चार महिन्यांत करावी लागते, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. ते आठ महिने मी रोज त्या कार्यालयासमोर बसत होते. दरवाजा माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होता. आज नको, उद्या, असे एकदाही झाले नाही. मी जाणूनबुजून गेले नाही. माझ्याशिवाय यांचे काय होते ते बघू, असे मला वाटत होते. इमारत पुरी झाली असती तर तो कागद कोणाला लागलाच नसता आणि माझे कृत्य कोणाला कळलेही नसते.

इमारत पाचव्या मजल्यावर थांबली. हरेश दुसऱ्या प्रकल्पात अडकला, मग फोन उचलेनासा झाला. अठरा कुटुंबांनी सदनिका घेतल्या होत्या, बरीच ऐरोलीला कंपन्यांत काम करणारी माणसे. त्यांनी महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रारी केल्या. करारनाम्याप्रमाणे नोटिसा कुंदनच्या नावानेही आल्या. दुसरा बिल्डर आणायला गेला तर कलम चौदा आडवे आले. तो माझ्याकडे आला.

"ताय, आपला तो चार पानांचा कागद?"

मी म्हणाले, "टेबल हलवले तेव्हा गहाळ झाला असेल. शोधते."

त्याने पुन्हा एकदा विचारले, पुढच्या वर्षी. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. माझ्यावर संशय घेणे त्याला सुचलेच नाही.

कुंदन-सुचिता राहत होते ते भाड्याचे घर परवडेना, म्हणून ते कामोठ्याला एका खोलीत राहायला गेले. माझ्या गावच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. "या" असे मी म्हणाले नाही. त्या खोल्या मी दोन शिक्षिकांना भाड्याने दिल्या.

लोखंड चोरीला जाऊ लागले, म्हणून कुंदन रोज सकाळी कामोठ्याहून येऊन अर्ध्या इमारतीखाली खुर्ची टाकून बसू लागला. आपल्याच इमारतीचा तो बिनपगारी वॉचमन झाला. सदनिकाधारक आधी येऊन त्याच्यावर ओरडत. मग ओरडून दमलेले तिथेच बसू लागले. रविवारी आठ-दहा खुर्च्या दिसत. त्यातली एक बाई सुचितासाठी लोणचे आणत असे. मी बाजारातून येताना हे बघत असे आणि तेव्हाही मला हेवाच वाटे. माझ्या भावाचे वाटोळे मी केले होते आणि तरी त्याच्याभोवती माणसे होती. मी निर्धास्त होते, आणि माझ्या दारात दूधवाल्याशिवाय कोणी येत नव्हते.

५. पूरक करार पेटीतून बाहेर कसा आला. याचे श्रेय मला कोणी देऊ नये. मला पश्चात्ताप झाला म्हणून तो बाहेर आला नाही.

जून २०२३ मध्ये भाविका वकील झाली. पेढे घेऊन आली. मी पेढा घेतला आणि तसाच हातात धरला. मला जे व्हायचे होते, ते कुंदनची मुलगी झाली होती. तिने पिशवीतून बापाचा करारनामा काढला, पाने दुमडलेली, कडेला पेन्सिलच्या खुणा.

"आत्या, एक विचारू? राग नका मानू. हा करार तुम्ही वाचला होता, असं पप्पा सांगतात. मग चौदा नंबर तुमच्या लक्षात कसा नाही आला? एकवीससुद्धा. फर्स्ट इयरच्या पोरालाही दिसेल हे."

मी हातातला पेढा डब्यात परत ठेवला.

"नाही म्हणजे, त्या काळी तुम्हाला एवढं कायद्याचं माहीत नसणार, मी समजू शकते. टायपिंग वेगळं आणि ड्राफ्टिंग वेगळं."

तिने हे मला सांभाळून घ्यायला म्हटले. आणि तेच मला सोसले नाही.

"मला दिसले होते," मी म्हणाले. "तू जन्माला आली नव्हतीस तेव्हापासून मला दिसते. मी दुरुस्ती करून घेतली होती. हरेशच्या चार सह्या आहेत त्यावर."

"कशावर?"

मी उठले, कुलूप काढले, तळातून कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. ठेवल्यावर मला कळले मी काय केले ते.

भाविकाने तो उभ्यानेच वाचला. एकदा, मग दुसऱ्यांदा. आधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढला, मग कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. हुशार वकील असेच करतो. उंबऱ्यापाशी जाऊन ती वळली.

"आत्या, पप्पा सहा वर्षं त्या खुर्चीवर बसलेत."

एवढेच बोलून ती गेली. पेढ्यांचा डबा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन आला. दारातच उभा राहिला, चप्पल काढली नाही.

"ताय, कशापायी?"

मी म्हणाले, "भूमिपूजनाला तू माझे नाव घेतले नाहीस."

तो बराच वेळ आठवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो खरोखर शोधत होता.

"कवाचा भूमिपूजन?" तो म्हणाला. "मला तर त्यातला काय याद पन नाय."

मग तो गेला. त्यानंतर आजवर तो माझ्या दारात आलेला नाही.

६. पुढे जे झाले ते थोडक्यात. नोंदणी नसलेला कागद धरता येणार नाही, असा आक्षेप हरेशच्या वकिलाने घेतला. आक्षेपात दम होता, ते मी सांगू शकते. पण सही आपली नाही, असे हरेशला म्हणता येईना, आणि साक्षीदार हौसेराव साताऱ्याकडचे, आडमुठे. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, "म्या सोता बघितलंय सही करताना. हसत हसत केलीया." निकाल लागण्याआधीच हरेशने माघार घेतली. कुलमुखत्यारपत्र रद्द झाल्याचा दस्त झाला. त्याची नोंदणी भाविकाने स्वतः केली. माझ्या टेबलावरून ती पुढे गेली, थांबली नाही. आता अठरा कुटुंबांनी आणि कुंदनने मिळून दुसरा विकासक नेमला आहे आणि सहाव्या मजल्याचा स्लॅब भरून झाला आहे. नव्या विकासकाला कबूल करायला कुंदनला चारपैकी दोन सदनिका सोडाव्या लागल्या. त्या दोन माझ्यामुळे गेल्या. त्याचे गुडघे सिमेंटच्या ओलीत बसून गेले, तेही माझ्यामुळे.

७. बँकेतली माझी मुदत ठेव भाविकाला. तिने ती कशासाठी वापरावी, हे मी सांगत नाही.

८. माझी नमुन्यांची फाइलही भाविकाला. त्यात विकसन करारनाम्याचे एकतीस नमुने आहेत. कोणते कलम जमीनमालकाला कसे बुडवते, ते मी समासात लाल शाईने लिहिले आहे. गावातली अजून कितीतरी माणसे आपल्या घरांचे करार करणार आहेत. त्यांना हे वाचून दाखवावे. माझे नाव सांगायची गरज नाही. हे वाक्य मी कच्च्या मसुद्यात टाइप करून खोडले होते, इथे पुन्हा टाइप केले आहे.

मराठी टाइपरायटर हौसेरावांना द्यायचा होता. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. म्हणून तो मी त्यांना गेल्याच आठवड्यात हातोहात देऊन टाकला, आणि हे टाइप करायला त्यांच्याकडून मागून आणला आहे.

९. करावे गावातले माझे घर, खालच्या दोन व वरच्या दोन खोल्यांसह, सुचिता कुंदन भोपी आणि कुंदन वामन भोपी यांना समाईक. सुचिताचे नाव आधी लिहिले आहे, ते चुकून नाही. हे नाव आधी टाइप करायला मला तीन मसुदे लागले. घरपट्टीच्या पावत्या आणि जुना नकाशा कपाटाच्या वरच्या खणात आहे. गावठाणातल्या घरांसाठी बिल्डर फिरू लागले आहेत. भाविकाने वाचल्याशिवाय सही करू नये, एवढे माझे सांगणे आहे. ही अट नव्हे.

या घराबद्दल सुचिताला आधीच कळावे, म्हणून मी भाविकाकरवी निरोप पाठवला होता. मागच्या महिन्यात सुचिता आली. कुंदन ज्या दारात थांबला ते ओलांडून आत आली, पण बसली नाही. मी तिला चहा विचारला. नको म्हणाली.

"ताई, घर नको असं बोलायची माझी ऐपत नाय. एका खोलीत आठ वर्षं काढली मी. तुमचं घर घेईन, तुमच्यामागं दिवाबत्ती पन करीन. यांचं मन मऊ हाय, उद्या येतील पन तुमच्याकडं. पन मी सांगून ठेवते. घर दिलं म्हनून मी तुमाला माफ केलं, असं त्या कागदात कुठं लिहू नका."

आपल्याला जे वाटते ते पुढ्यातल्या माणसाच्या तोंडावर, आवाज न चढवता सांगणे मला एकाहत्तर वर्षांत जमले नाही. ती बोलत होती आणि मला तिचा तेव्हाही हेवा वाटला.

तिने सांगितल्याप्रमाणे तसे कुठेही लिहिलेले नाही.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी भाविकाला व्यवस्थापक नेमले आहे. दुरुस्त्या किंवा खाडाखोड नाही. प्रत्येक पानावर माझी सही आहे.

ठिकाण : करावे, नवी मुंबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) पुतळा वामन भोपी

आम्ही दोघे खाली सह्या करणारे या बाईंना ओळखतो. त्यांनी आमच्यासमोर पानोपानी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. सही करताना त्या पूर्ण भानावर होत्या. यातली कोणतीही वस्तू आम्हाला मिळायची नाही.

साक्षीदार १ : (सही) हौसेराव दादू शेडगे, दस्तलेखक, राहणार कामोठे
साक्षीदार २ : (सही) राजाबाई गोमा कोळी, शेजारीण, राहणार करावे